शाळेत गाडी चालवायला शिकवायची का? नव्वद वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगाची गोष्ट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या शनिवारी लेकीच्या शाळेत पालकसभा होती. लेक नववीत आहे. फी, गणिताचे सर, पिण्याचं पाणी हे नेहमीचे विषय झाले आणि मागच्या रांगेतून एक पालक उठले. म्हणाले, "पोरं तशीही गाड्या चालवतातच. मग शाळेनेच नववीपासून ड्रायव्हिंग शिकवावं. निदान नीट तरी चालवतील." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

रात्री घरी आल्यावर मात्र झोप लागेना. कारण 'नीट चालवतील' या शब्दांनी मला आमची लुना आठवली.

१९९१ साल. मीही तेव्हा नववीतच होतो. आमचं गाव नगर-पुणे रस्त्यावरचं. वडिलांची लुना होती आणि ती मला शिकवली धाकट्या काकांनी. काका एसटीत ड्रायव्हर. त्यामुळे शिकवण अगदी पद्धतशीर. आधी इंजिन बंद ठेवून नुसते पेडल मारायचे, मग ब्रेक, मग वळण, मग मैदानात दगड मांडून त्यांच्यामधून गाडी काढायची. पंधरा दिवसांत मी तयार. एका हाताने चालवून दाखवायचो. लायसन्सचा प्रश्नच कोणाला पडला नव्हता, मलाही नाही आणि घरच्यांनाही नाही.

दोन महिन्यांनी क्लासला जाताना मी एका म्हाताऱ्या बाबांना धडक दिली. ते रस्ता ओलांडत होते. मला ते दिसले होते, पण ते थांबतील असं मी धरून चाललो. ते थांबले नाहीत. पायाचं हाड मोडलं. चूक सरळ माझी होती. दवाखान्याचा खर्च घरच्यांनी केला, बाबांच्या घरी माफी मागायला काका मला घेऊन गेले आणि परत येताना एकच वाक्य बोलले, "तुझा हात बसलाय रे, नजर बसायची आहे."

ते बाबा पुढे कायम काठी घेऊन चालायचे. गावात समोरून येताना दिसले की मी गल्ली बदलायचो. ते गेले, त्यालाही आता वीस वर्षं झाली.

तर मी काही परका माणूस म्हणून हे लिहीत नाहीये. मला पद्धतशीर शिकवलं होतं, आणि तरीही हे घडलं. म्हणून गेले चार दिवस मी या प्रश्नाचा इतिहास धुंडाळत बसलो. शाळेत गाडी शिकवण्याची कल्पना आपल्याला नवी वाटते. प्रत्यक्षात तिला नव्वद वर्षं झाली आहेत. तिचा प्रयोग झालाय, मोजमाप झालंय आणि निकालही लागलाय.

सुरुवात करू १९३४ पासून.

त्या वर्षी ब्रिटनमध्ये रस्त्यावर ७,३४३ माणसं मेली. तेव्हा तिथे सगळी मिळून चोवीस-पंचवीस लाख वाहनं होती. आजच्या ब्रिटनमध्ये वाहनं कितीतरी पट जास्त आणि मृत्यू त्याच्या पाव भागाच्या आसपास, यावरून तो काळ कसा होता ते बघा. गंमत म्हणजे तोवर तिथे गाडी चालवायला परीक्षाच नव्हती. पैसे भरा, लायसन्स घ्या. शेवटी १ जून १९३५ पासून परीक्षा सक्तीची झाली. पोरांना मात्र तिथे गाडी शिकवली नाही. त्यांना शिकवलं रस्ता ओलांडायला. कडेला थांब, उजवीकडे बघ, डावीकडे बघ, पुन्हा उजवीकडे बघ. पुढे १९५३ मध्ये लहान मुलांसाठी टफ्टी नावाची एक खार जन्माला घातली गेली, रस्त्याचे नियम सांगणारी. तिथली एक अख्खी पिढी त्या खारीच्या गोष्टींवर वाढली.

त्याच १९३४ च्या सुमारास अमेरिकेत वेगळंच चाललं होतं. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात एमॉस नेहार्ट नावाच्या प्राध्यापकांनी तिथल्या हायस्कूलच्या मुलांना स्वतःच्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकवायला सुरुवात केली. शाळेतला हा अशा प्रकारचा पहिला अभ्यासक्रम मानला जातो. त्यांची भूमिका आपल्या सभेतल्या पालकांसारखीच होती. पोरं चालवणारच आहेत, तर नीट शिकू देत. विचार चांगला, माणूस तळमळीचा. कल्पना देशभर पसरली. १९६६ च्या रस्ते सुरक्षा कायद्याने तर राज्यांच्या कार्यक्रमात चालक-शिक्षण घालायलाच लावलं. हजारो शाळांत वर्गात धडे, मैदानात सराव, शिक्षकासाठी जादा ब्रेक असलेल्या गाड्या. इतकी सोय आपल्याकडे एखाद्या महागड्या शाळेलाही परवडणार नाही.

मग कोणीतरी साधा प्रश्न विचारला. याने अपघात कमी झाले का?

जॉर्जिया राज्यात डीकाल्ब नावाची काउंटी आहे. तिथे सत्तरच्या दशकाच्या शेवटी सोळा हजारांवर विद्यार्थी घेतले आणि चक्क चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी केली. काहींना सत्तर तासांच्या आसपासचं कसून प्रशिक्षण, काहींना जुजबी आणि काहींना शाळेत काहीच नाही. पुढे काही वर्षं त्यांचे अपघात मोजले. कसून शिकलेल्यांमध्ये पहिले काही महिने थोडा फरक दिसला. नंतर तो उरलाच नाही.

दुसरं उदाहरण कनेक्टिकट राज्याचं. तिथे सरकारने या शिक्षणाचा पैसा थांबवला तेव्हा काही गावांनी शाळेतले वर्ग बंद केले, काहींनी चालू ठेवले. आता तुम्ही-आम्ही काय म्हणू? वर्ग बंद झाले तिथे अपघात वाढले असणार. झालं उलट. बंद झाले तिथे सोळा-सतरा वर्षांची कमी मुलं लायसन्स काढायला गेली, बरीचशी अठरापर्यंत थांबली आणि त्या वयाचे अपघात कमी झाले.

इथे सगळं कोडं सुटतं. शाळेत गाडी शिकवली की मूल लवकर रस्त्यावर येतं. 'शाळेत शिकलाय की' म्हणून आईबाप बिनघोर किल्ली देतात. मुलालाही वाटतं आपल्याला येतंय. हात पंधरा दिवसांत बसतो हे खरंच आहे, माझाही बसला होता. पण समोरचा म्हातारा थांबेल की नाही, उभ्या रिक्षाचं दार उघडेल का, वळणापलीकडे काय असेल, हे ओळखायला वर्षं लागतात आणि थोडं वयही लागतं. त्यावर जगात सगळ्यात चांगला उतारा निघाला तो लायसन्स टप्प्याटप्प्याने देण्याचा. न्यूझीलंडने १९८७ मध्ये हे सुरू केलं. आधी शिकाऊ, मग मर्यादित म्हणजे रात्री उशिरा चालवायचं नाही आणि मित्रांना बसवून फिरायचं नाही, आणि मगच पूर्ण. नंतर पुष्कळ देशांनी, अमेरिकेतल्या राज्यांनीही, हीच वाट धरली.

म्हणजे शाळेने हात झटकावेत का? नाही. इतिहासाची दुसरी बाजू इथूनच सुरू होते.

स्वीडनमध्ये स्टिना सँडेल्स नावाच्या बाईंनी लहान मुलं रस्त्यावर कशी वागतात याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९६८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं त्या काळी अनेकांना झोंबलं. दहा-एक वर्षांपर्यंतच्या मुलाला कितीही शिकवा, ते वाहतुकीत भरवशाने वागू शकत नाही. वर्गात नियम पाठ म्हणून दाखवेल आणि चेंडूमागे रस्त्यावर पळेल. आवाज कुठून आला, गाडी किती वेगात आहे, हे त्याला नीट कळत नाही. तेव्हा मुलाला वाहतुकीजोगं करण्याआधी वाहतूक मुलाजोगी करा.

हॉलंडमध्ये १९७१ साली रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली आणि त्यात चारशेवर मुलं होती. विक लांगेनहॉफ या पत्रकाराची लहान मुलगी अशीच गेली. १९७२ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला, मथळा होता 'बालहत्या थांबवा'. त्याच नावाने आंदोलन उभं राहिलं. आयाबाया पोरांना घेऊन रस्त्यावर बसल्या. आज आपण ज्या डच सायकल रस्त्यांचे फोटो कौतुकाने शेअर करतो, त्यांच्यामागे ही रडारड आहे. तिथे शाळेत वाहतूक शिकवतात, सायकलची परीक्षाही घेतात. पण परीक्षेला बसणाऱ्या मुलाला सायकल चालवायला रस्ता आहे.

जपानचा आकडा तर अंगावर येतो. १९७० साली १६,७६५ मृत्यू. लोक त्याला 'वाहतूक युद्ध' म्हणायचे. त्याच वर्षी त्यांनी खास कायदा केला. पदपथ, सिग्नल, शाळेचा ठरलेला पायी मार्ग, पिवळ्या टोप्या घालून गटाने शाळेत जाणारी मुलं, कोपऱ्यावर झेंडा घेऊन उभे पालक. २०२३ मध्ये तिथले मृत्यू होते २,६७८. लोकसंख्या बारा कोटींच्या वर, म्हणजे जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढी. महाराष्ट्रात २०२२ मध्ये रस्त्यावर गेले १५,२२४. पुन्हा वाचा हे दोन आकडे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जपानमध्ये हायस्कूलच्या पालक संघांनी १९८२ मध्ये 'तीन नाहीं'ची मोहीम देशभर घेतली. लायसन्स काढू द्यायचं नाही, दुचाकी घेऊन द्यायची नाही, चालवू द्यायची नाही. बरीच वर्षं चालली. पण नुसत्या बंदीवर टीकाही झाली, कारण पोरं चोरून चालवतात आणि चोरून चालवणाऱ्याला कोणी काही शिकवत नाही. सायतामा प्रांताने २०१९ मध्ये बंदी सोडली आणि गाडी चालवणाऱ्या विद्यार्थ्यांना सुरक्षेचे धडे द्यायला घेतले. म्हणजे आपल्या सभेतल्या त्या पालकांचा मुद्दा अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही. फरक वयाचा आहे. जपानमध्ये सोळाव्या वर्षी छोट्या दुचाकीचं लायसन्स कायद्याने मिळतं. आपण बोलत होतो नववीतल्या चौदा वर्षांच्या पोरांबद्दल.

आता आपल्या घरचं बघू.

१ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी धावली ती आमच्याच रस्त्यावर, पुणे-नगर. काका ही गोष्ट असं सांगायचे जणू ती गाडी त्यांनीच चालवली. तेव्हा रस्त्यावर मुख्यतः बैलगाड्या आणि सायकली. १९७२ मध्ये लुना आली, पन्नास सीसीची. किनेटिकचा कारखाना आमच्या नगरचाच, त्यामुळे जिल्ह्याला तिचा जरा जास्तच अभिमान. उतारावर जोर केला तरी ती बिचारी किती पळणार!

आपला कायदा अजून त्या लुनाच्या काळात उभा आहे. सोळाव्या वर्षी गाडी चालवता येते, पण पन्नास सीसीपर्यंतचीच. आता शोरूममध्ये जाऊन पन्नास सीसीची पेट्रोल गाडी मागून बघा. दुकानदार हसेल. अकरावीतली मुलं क्लासला नेतात त्या स्कूटर शंभर-सव्वाशे सीसीच्या, म्हणजे अठरापर्यंत बेकायदाच. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतली, अगदी कमी ताकदीची बॅटरीची गाडी तेवढी लायसन्सशिवाय चालते. पण पोरांना ती नको असते. 'ढकलगाडी' म्हणतात तिला.

शिक्षणाचं म्हणाल तर तेही आपल्याकडे नव्हतं असं नाही. नागपूरच्या धरमपेठेतलं ट्रॅफिक पार्क ठाऊक असेल. छोटे रस्ते, छोट्या खुणा, मुलांनी खेळत शिकावं म्हणून केलेलं. आणि आमच्या पिढीला आरएसपी आठवत असेल. स्काऊट-गाईड, एमसीसी तसं आरएसपी. गणवेश, शिट्टी, शाळा सुटली की गेटसमोर हात आडवा करून ट्रक थांबवणारी आमची वर्गातली पोरं. तो ट्रक थांबला की छाती काय फुगायची! काही शाळांत हे अजून जोरात आहे. बऱ्याच ठिकाणी मात्र ते २६ जानेवारीच्या संचलनापुरतं उरलंय. बाकी काय? जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान, त्यात चित्रकला आणि निबंध स्पर्धा.

निबंधावरून आठवलं. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याला काही तासांत जामीन मिळाला आणि अटींमध्ये एक होती, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची. सगळा देश चिडला. मीही चिडलो. पण शांतपणे विचार केला तर गेली कित्येक वर्षं आपण प्रत्येक मुलाला रस्ता सुरक्षेच्या नावाखाली तेच तर देतोय. निबंध.

कायदा कमी नाहीये. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशात राज्यांना रस्ता सुरक्षा शाळेच्या अभ्यासक्रमात घ्यायला सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड ठेवला. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. हो, मागे बसलेल्या पहिलीतल्या मुलालाही. शनिवारी सभा सुटल्यावर मी गेटपाशी उभं राहून बिनहेल्मेटची मुलं मोजायला लागलो. चाळीसनंतर सोडून दिलं. आणि माझं स्वतःचं हेल्मेट गाडीच्या आरशाला लटकत होतं, तेही सांगून टाकतो.

देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली साडेनऊ हजारांच्या आसपास अठराच्या आतली होती. यातली सगळी काही स्कूटर उडवणारी नव्हेत. कोणी चालत होतं, कोणी सायकलवर, कोणी आईबापांच्या गाडीवर मागे बसलेलं. त्यांना ड्रायव्हिंगच्या तासाने काय मिळालं असतं?

म्हणून माझं मत बदललंय. शाळेत गाडी चालवायला शिकवू नये. रस्ता मात्र जरूर शिकवावा, आणि तोही रस्त्यावर जाऊन. पहिली ते चौथीच्या मुलांना हात धरून खऱ्या रस्त्यावर चालवा, पुन्हा पुन्हा. फळ्यावरचा रस्ता मुलं फळ्यावरच ओलांडतात. पाचवी ते आठवीला सायकल, ब्रेक तपासणं, हात दाखवून वळणं, ट्रकच्या कडेला ड्रायव्हरला न दिसणारी जागा कुठे असते ते प्रत्यक्ष ट्रकमध्ये बसवून दाखवणं. एखादा निवृत्त एसटी ड्रायव्हर हे आनंदाने करेल. एसटीत पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवणाऱ्यांचा सत्कार होतो, अशी माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. नववी-दहावीच्या विज्ञानात वेग आणि थांबण्याचं अंतर शिकवा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर लागणारं अंतर चौपट होतं, हे गणित मुलांना पटकन कळतं आणि लक्षात राहतं. अकरावी-बारावीला लायसन्सचा कायदा, विमा आणि अपघात दिसला तर काय करायचं ते. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, हे अजून किती लोकांना ठाऊक नाही! गाडी मात्र अठरानंतर, रीतसर शाळेबाहेर.

पुढच्या महिन्यात पुन्हा सभा आहे. मी उठून तीन गोष्टी मागणार आहे. गेटसमोर झेब्रा पट्टे आणि गतिरोधक यासाठी नगरपालिकेला शाळा आणि पालकांचं एकत्र पत्र. आरएसपी पुन्हा सुरू, आणि मुलांसोबत रोज दोन पालक पाळीने उभे. आणि लायसन्सशिवाय गाडी घेऊन आलेल्या मुलाच्या पालकाला त्याच दिवशी बोलावणं, मग तो पालक कोणीही असो. पहिल्या आठवड्याच्या पाळीत माझं नाव लिहून देणार आहे.

टाळ्या पडतील असं वाटत नाही. लेकीने तर आत्ताच जाहीर केलंय, "बाबा, तुम्ही शिट्टी घेऊन गेटवर उभे राहिलात तर मी तुम्हाला ओळखत नाही म्हणून सांगेन." चालेल. मी एका माणसाला बघून वर्षानुवर्षं गल्ली बदलली आहे. तिने मला बघून बदलली तर ते त्यापेक्षा बरंच.

तुमच्या शाळेत आरएसपी आहे का? गेटसमोर झेब्रा पट्टे आहेत का? कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा. आणि पटलं असेल तर तुमच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाका. वाद घालायचा असेल तरी या, फक्त गाडी चालवताना टाइप करू नका.